पूर्व भागातून खुलं पत्र: टेस्ट करून घ्यायला आम्ही तयार आहोत, पण मजुरीचं काय?

प्रति,
मा. पालकमंत्री, मा. जिल्हाधिकारी आणि मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
तसंच पूर्व भागातले मंडळवाले, तालीमवाले, बचत गटाच्या ताया, नगरसेवक आणि ज्यांच्या हाताला थोडा वेळ आहे असे सगळे

सोलापूर, ३ जून २०२१

स.न.वि.वि.

साहेब, थेट मुद्द्यावर येतो, तुम्हालाही वेळ नसणार आणि मलाही दुकान उघडायचंय.

गेल्या आठवड्यात राज्य सरकारनं १८ जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंद करायचं ठरवलं, त्यात आपलं सोलापूर आलं. पॉझिटिव्ह निघाला की घरी थांबायचं नाही, कोविड सेंटरला जायचं. यावरून व्हॉट्सअॅपवर जी बोंबाबोंब चाललीय त्यात मी नाही. माझ्या मते निर्णय बरोबरच आहे, निदान आमच्या भागासाठी तरी. साखर पेठ, शास्त्री नगर, दाजी पेठ, नीलम नगर, कुठल्याही गल्लीत शिरा, एका खोलीत सहा माणसं, मोरी त्याच खोलीत, संडास गल्लीच्या टोकाला आणि तोही सगळ्यांचा मिळून, तिथं कसलं होम आणि कसलं आयसोलेशन. फॉर्मवर 'रुग्णासाठी स्वतंत्र खोली आहे का' असं विचारलं की लोक 'आहे' म्हणून टिक करायचे, आणि ती स्वतंत्र खोली म्हणजे मधे बांधलेली जुनी साडी.

म्हणजे सेंटर पाहिजेच. पण आमच्याकडं या निर्णयाचं पुढं काय होणार ते ऐका. लोक सेंटरला जायला नको म्हणून टेस्टच करणार नाहीत. करणार नाहीत काय, करेनात ऑलरेडी.

माझं पूर्व भागात मेडिकल आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटायला नको. काउंटरच्या या बाजूला उभं राहिलं की शहराची तब्येत तुमच्या रोजच्या रिपोर्टच्या आधी कळते. एप्रिलमध्ये तापाच्या गोळ्या, खोकल्याचं औषध आणि झिंकच्या गोळ्या अशा खपायला लागल्या की मला कळलं, आलं परत. आणि घेणारा प्रत्येक जण सांगणार, 'मला नको ओ, शेजारच्या मावशीला पाहिजे.' एका दिवसात एवढ्या शेजारच्या मावश्या आजारी पडत्यात की गल्लीत धडधाकट मावशी उरलीच नसेल. नाव-नंबर लिहायला वही पुढं केली की पुढच्या वेळी तो माणूस दोन चौक सोडून लांबच्या मेडिकलला जातो. त्यामुळं माझ्याकडं वही आहे आणि वही कोरी आहे.

आता तुमचे अधिकारी म्हणणार, लोक बेजबाबदार आहेत, अडाणी आहेत, पूर्व भाग ऐकतच नाही. हे वाक्य मागच्या एप्रिलपासून ऐकतोय. १२ एप्रिल २०२० ला शहरातला पहिला रुग्ण आमच्याच भागात निघाला आणि तोही माणूस गेल्यावर रिपोर्ट आला. तेव्हापासून पूर्व भाग म्हटलं की पत्रे, बांबू आणि पोलिसाची गाडी. एवढं सगळं झालं तरी कुणी बसून विचारलं नाही की बाबांनो, लपवता कशाला? मी विचारलंय, रोज विचारतो, आणि उत्तर दर वेळी एकच येतं, ते म्हणजे मजुरी.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो (साहेब, तुम्हाला माहिती असेल, पण तुमच्या वरच्यांना नसणार). सोलापुरात साठ-सत्तर हजार बायका विडीवर जगतात असं युनियनवालेही सांगतात आणि पेपरवालेही. काम घरात बसूनच असतं. कारखान्याच्या ब्रँचमधून पान आणि तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, कातरीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या घेऊन परत ब्रँचला. तिथं चेकर बघणार, छाट म्हणजे खराब विड्या बाजूला काढणार, उरलेल्याचे हजारामागे पैसे. रजा नाही, आजारपणाचा पगार नाही. ज्या दिवशी विडी दिली नाही त्या दिवशी कमाई शून्य आणि पुढच्या दिवसासाठी पानही नाही. अशी बाई पॉझिटिव्ह आली तर दहा दिवस सेंटरला जाणार, घरातले बाकीचे क्वारंटाइन, म्हणजे सासूची विडी बंद, पोरीची विडी बंद आणि नवरा यंत्रमागावर असेल तर त्याचा आठवडाही बुडाला. एका स्वॅबच्या काडीनं अख्खं घर बसतं.

त्यात खोकला. तंबाखूच्या भुकटीत जन्म गेल्यावर खोकला हे काय लक्षण राहत नाही. आशाताई दारात येऊन विचारते, खोकला आहे का? एका अक्कानं माझ्यासमोर सांगितलं, 'टेस्ट कशाला करू ओ, खोकला तर आमाला बारा महिने हाय की. बंद झाला तर सांगते.' हसलो सगळे. पण फॉर्ममध्ये काय लिहिलं गेलं? नाही.

त्याच अक्काच्या बोटाला दोन दिवसांनी ऑक्सिमीटर लावला तेव्हाचं सांगतो. आमच्या गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून मशीन घेतलंय, माझ्या दुकानात ठेवलेलं असतं, ज्याला लागेल त्यानं न्यायचं, सॅनिटायझरनं पुसून परत आणून द्यायचं. पोरगं मशीन घेऊन गेलं आणि पळत परत आलं, अण्णा, आकडाच येईना. मी गेलो. उजव्या हाताची पहिली दोन बोटं टोकाला दगडासारखी घट्टे पडलेली, तंबाखूनं नखापर्यंत पिवळी-काळी, हात गार. मशीन लुकलुक करतंय आणि नुसत्या दोन रेघा दाखवतंय. हात धुवून घेतले, तळवा चोळून गरम केला, डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावून हात मांडीवर स्थिर ठेवायला सांगितला, तेव्हा कुठं आकडा आला, ९५. म्हटलं बरं आहे. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला लावलं, खोली केवढीशी, चुलीपासून दारापर्यंत आणि परत. परत लावलं तर ९०. तिला स्वतःला काहीच वाटत नव्हतं, ती म्हणत होती पान भिजत घातलंय, वाया जाईल. नुसता बसल्या जागी आकडा बघितला असता तर आम्ही तिला ठीक आहे म्हणून सोडून आलो असतो. ती दवाखान्यात गेली, नंतर बरी होऊन आली. पण ती गेली कधी, तर शेजारणीनं 'तुझी विडी मी वळून देते, ब्रँचमध्ये तुझ्या नावावर दाखवते' म्हणाल्यावर. मी नियम सांगितला, तिच्या पोरानं रडून सांगितलं, आशाताईंनी दटावलं, कशानंच ती हलली नव्हती, शेजारणीच्या एका वाक्यावर उठली.

साहेब, माझं सगळं पत्र या एका वाक्यावर आहे. खरं सांगणं परवडलं पाहिजे. ते परवडत असेल तर लोक आपण होऊन येतील, आणि परवडत नसेल तर तुम्ही दंड करा, काठी मारा, ड्रोन उडवा, माणूस तापाची गोळी खाऊन ब्रँचला जाणारच.

एप्रिलमध्ये 'ब्रेक द चेन' जाहीर करताना मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींचं पॅकेज सांगितलं. नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांना १५०० रुपये, परवानाधारक रिक्षावाल्यांना १५००, फेरीवाल्यांना १५००, घरकाम करणाऱ्यांनाही मदत. चांगलं केलं, कुणाला मिळाले त्याचं दुःख नाही. पण त्या यादीत विडी कामगार कुठं आहे? यंत्रमाग कामगार कुठं आहे? सोलापूरचे दोन मोठे धंदे आणि दोन्ही यादीत नाहीत. धान्य मिळालं, शिवभोजन थाळी फुकट झाली, नाही कशाला म्हणू. पण तेल, गॅस, घरभाडं आणि गटाचा हप्ता थाळीतनं निघत नाही. हप्तेवाला तर लॉकडाऊनमध्येही दारात, त्याला कुठला पास होता देव जाणे.

कुणी म्हणेल एवढ्या हजारो बायकांना कुठनं द्यायचं? सगळ्यांना नका देऊ. जी पॉझिटिव्ह येऊन सेंटरला दाखल झाली, फक्त तिला द्या, १५००, डिस्चार्ज कार्डाबरोबर. परवा १ जूनलाच सरकारनं खाजगी हॉस्पिटलचे नवीन दर काढले, त्यात आपलं सोलापूर ब वर्गात आहे, व्हेंटिलेटरसह आयसीयूचा एका दिवसाचा दर ६,७०० रुपये. त्या एका दिवसाच्या पैशात चार बायकांना १५०० देऊन वर ७०० उरतात. चारातली एक जरी लवकर आल्यामुळं आयसीयूपर्यंत गेली नाही तरी सरकारचाच फायदा, आता हा हिशोब करायला मंत्रालयात जावं लागत नाही. यादी कुठनं आणायची म्हणाल तर विडी कामगारांची ओळखपत्रं आहेत, पीएफ कापला जातो, प्रत्येक ब्रँचला नावासकट रजिस्टर आहे. असंघटित म्हणतात खरं, पण एवढं कागदावर लिहिलेलं असंघटित क्षेत्र दुसरं दाखवा. आणि ती बाई सेंटरला असेल तोवर तिचं काम तुटणार नाही, परत आल्यावर पान मिळेल, हे कारखानदारांकडून लिहून घ्या. यंत्रमागवाल्यांचं अवघड आहे, तिथं बऱ्याच जणांचं नाव कुठंच नसतं, त्यासाठी युनियनवाल्यांना बोलवा, ते तुम्हाला नुसते मोर्चाच्या दिवशीच आठवतात.

सेंटरचंही जरा बघा. बाई जायला तयार झाली की पुढचा प्रश्न, पोरं कुणाकडं? सेंटर लांब असेल तर डबा कोण देणार, रात्री बाथरूमला जायचं तर तिथं दिवा आहे का, बायकांचा हॉल वेगळा आहे का. हे प्रश्न तुमच्या आढावा बैठकीत येत नसतील, माझ्या काउंटरवर मात्र हेच येतात. आमच्याच भागात महापालिकेच्या शाळा बंद पडून आहेत, समाजाची मंगल कार्यालयं लग्नं नाहीत म्हणून रिकामी आहेत. घराजवळच्या हॉलमध्ये दहा दिवस काढायला बाई जास्त लवकर तयार होते, खिडकीतनं पोरगं दिसतं तरी.

आणि भाषा. घंटागाडीवर जी सूचना वाजते ती शुद्ध मराठीत, एवढी शुद्ध की मलाही दुसऱ्यांदा ऐकावी लागते. 'लक्षणे आढळल्यास नजीकच्या केंद्राशी संपर्क साधावा.' आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्या घरात तेलुगू बोलतात, पलीकडं अक्कलकोट रोडला कानडी, नई जिंदगीत उर्दू. निवडणुकीला मात्र चारी भाषेत रिक्षा फिरतात! तेच भोंगे काढा, बोलायला माणसं आम्ही देतो, तीही फुकट.

लसीचं बोलतो. १८ ते ४४ चं लसीकरण १२ मेपासून थांबलंय, डोसच नाहीत, त्यात तुमचा दोष नाही हे कळतं. पण जे आहेत ते कुणाला मिळतायत बघा. लसीच्या नोंदणीची कोविन साइट अजून इंग्रजीत, स्लॉट उघडला की मिनिटात संपतो, ज्याच्याकडं लॅपटॉप आणि चपळ बोटं त्याला लस. ४५ च्या वरच्यांना थेट केंद्रावर जाता येतं हे तरी किती जणींना माहिती आहे? पहाटे टोकनला जाऊन उभं राहायचं म्हणजे परत मजुरीचा प्रश्न. ११ एप्रिलपासून केंद्रानं कामाच्या ठिकाणी लस द्यायला परवानगी दिलीय, शंभरच्या आसपास पात्र माणसं असली की झालं. विडीच्या ब्रँचला ४५ च्या वरच्या शंभर बायका? सकाळी दहाला येऊन बघा, रांग रस्त्यापर्यंत येते. ती बाई रोज स्वतःच्या पायानं तिथं येते, आधार कार्डची झेरॉक्स तिथं आधीच पडलीय. साठा येईल तेव्हा येईल, तोवर कुठल्या ब्रँचला किती बायका, कुणाला बीपी-शुगर आहे, एवढी यादी करून ठेवायला काय हरकत आहे? ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना ब्रँचपर्यंत आणायला रिक्षावाली पोरं तयार आहेत, डिझेलचं आम्ही बघतो.

आता पालकमंत्री महोदयांना एक शब्द, राग नसावा. एप्रिल-मे, बेड मिळेना, इंजेक्शन मिळेना, आणि जिल्ह्यात भांडण कशावर तर उजनीचं ५ टीएमसी पाणी तुमच्या इंदापूरला. तो निर्णय शेवटी रद्द झाला म्हणून मी जास्त बोलत नाही. फक्त एवढंच, आम्हाला नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, आणि भिंतीवर तुमचा बोर्ड, 'वारंवार हात धुवा'. बायका बोर्डाखालीच घागरी लावतात.

आणि १० लाखाचं कोडं. ३० मेच्या आदेशात निर्बंध ठरवताना २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांनाच वेगळा घटक धरलंय. आपली लोकसंख्या तेव्हा साडेनऊ लाख, म्हणून शहर आणि ग्रामीण एकत्र. ग्रामीणला आकडा जास्त, १७ एप्रिलच्या पंढरपूर पोटनिवडणुकीच्या सभा सगळ्यांनी बघितल्यात, त्यावर मी नवीन काय सांगणार. नवी पेठेतले व्यापारी याच्यावरनं तापलेत आणि माझ्या मते बरोबर तापलेत. वेगळा घटक मागून घ्या. पण दुकानं उघडणं आणि कोरोना आटोक्यात येणं यात फरक आहे, शटर वर गेलं म्हणजे पूर्व भागातला खोकला कळायला लागला असं होत नाही.

ग्रामीणचं नाव निघालंच आहे तर चांगलंही सांगतो. रविवारी मुख्यमंत्र्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या दोन तरुण सरपंचांचं नाव घेतलं, मोहोळ तालुक्यातल्या घाटणेचे ऋतुराज देशमुख आणि दक्षिण सोलापुरातल्या अंत्रोळीच्या कोमल करपे. गाव कोरोनामुक्त केलं म्हणून. छाती फुगली खरं. काल तर स्पर्धाच जाहीर झाली, कोरोनामुक्त गावाला ५० लाखांपर्यंत बक्षीस. पण सगळं गावासाठी, गल्लीसाठी काहीच नाही. गावात सरपंच दारात जाऊन उभा राहिला की माणूस टेस्टला येतो, कारण तो सरपंच उद्याही तिथंच असणार आहे. शहरात स्वॅब घ्यायला येणारी टीम नवीन, मास्कमुळं तोंड दिसत नाही, उद्या दुसरीच टीम. आमच्या गल्लीत ओळखीचं तोंड कुणाचं? आशाताईचं, तालमीच्या वस्तादाचं, मंडळाच्या अध्यक्षाचं, पिग्मी गोळा करणाऱ्याचं, ब्रँचच्या चेकरचं, आणि चालेल तर माझं. यांना टीमबरोबर न्या. फोटोला नाही, दार वाजवायला.

इथनं पुढचं साहेबांसाठी नाही, आपल्या माणसांसाठी आहे.

मंडळवाल्यांनो, गणपतीला वर्गणी न देणाऱ्याचंही घर तुम्हाला पाठ असतं. तीच यादी काढा. कुठल्या घरात एकटा म्हातारा, कुठं गरोदर बाई, कुठं डायलिसिसचा पेशंट, तुमच्याएवढं महापालिकेला कधीच कळणार नाही. ज्या घरात पॉझिटिव्ह निघाला त्या घराचं किराणा-दूध-पाणी गल्लीनं वाटून घ्यायचं, पाणी विशेषतः, कारण त्या घराला नळावर कुणी येऊ देत नाही हे मी डोळ्यानं बघितलंय आणि तिथं पत्रे मारणाऱ्या महापालिकेचा हात नव्हता, आपलाच होता. शेजारणीनं विडी वळून दिली तसं दोन-चार घरांनी मिळून करता येतं, कारखान्यानं मनावर घेईपर्यंत तरी.

बचत गटाच्या तायांनो, एक-दोन महिने गटाचा हप्ता आजारी बाईला माफ नका करू, पण पुढं ढकला, तेवढ्यानंही ती टेस्टला येते.

पोरांनो, कोविनवर नाव नोंदवायचं काम तुमचं. कोविशील्डच्या दुसऱ्या डोसला ८४ दिवस लागतात, आता मधे अंतर वाढवलंय, म्हाताऱ्या जुन्या तारखेला जाऊन परत येतात आणि मग जातच नाहीत. कॅलेंडरवर, महालक्ष्मी नाहीतर कालनिर्णय जे असेल त्याच्यावर, लाल पेनानं तारीख लिहून द्या.

आणि माझ्या धंद्यातली एक विनंती, हात जोडून. व्हॉट्सअॅपवर आलेल्या चिठ्ठीवर माझ्याकडं डेक्सा, मेड्रॉल असली स्टेरॉइड मागू नका. स्टेरॉइड ऑक्सिजन कमी पडायला लागलेल्या पेशंटला उपयोगी आहे, डॉक्टरच्या नजरेखाली. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ताप आला म्हणून घरात बसून घेतलं तर उपयोग नाहीच, वर शुगर भडकते, आणि शुगरवाल्याला ती काळी बुरशी, म्युकर, कशी होते ते आता सगळ्यांनी ऐकलंय. मी नाही दिलं तर दुसरा देतो हे मला माहिती आहे. त्या दुसऱ्यालाही हे पत्र वाचून दाखवा.

खाजगी दवाखान्याचं बिल आलं की आधी दर बघा. साधा वॉर्ड ३,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ५,५००, व्हेंटिलेटरसह ६,७००, हे आपल्या शहराचे नवीन दर, एका दिवसाचे. माझ्या ओळखीच्या एका घराला जे बिल हातात दिलं होतं त्यात ग्लोव्हजचाच आकडा असा होता की मी दुकान बंद करून ग्लोव्हज विकायला बसावं. ज्याला इंग्रजी बिल वाचता येतं त्यानं गल्लीतल्या दुसऱ्याचं वाचून द्या, शंका आली तर महापालिकेच्या ऑडिटरकडं जा, भांडण करू नका, काच फोडू नका. नर्स-वॉर्डबॉयनं दर ठरवलेले नसतात. डॉ. कोटणीसांचं गाव म्हणून मिरवतो आपण, आणि सिव्हिलच्या दारात डॉक्टरवर हात उचलायला जातो.

आशाताईंबद्दल तर काय लिहू. कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये. भर उन्हात घरोघरी फिरायचं, वर लोकांचं ऐकून घ्यायचं, 'तुमच्यामुळं आम्हाला उचलून नेतात'. कुणी दार लावून घेतलं तर ती आकडा काय लिहिणार? दार उघडा, पाणी विचारा, खरं सांगा. आणि साहेब, तिचे पैसे वेळेवर द्या, वाढवून द्या, टाळ्या पुरे झाल्या.

तिसरी लाट येणार म्हणतात. येईल न येईल, तज्ज्ञ बघतील. पण आता आकडा उतरतोय, तुम्हाला श्वास घ्यायला पंधरा-वीस दिवस मिळतील, २० जुलैला आषाढी आहे, परत सगळी यंत्रणा पंढरपूरला जाईल, म्हणून हे आताच. विडीच्या कुठल्याही एका ब्रँचवर सुरुवात करा. तिथं चाचणी, तिथंच ऑक्सिमीटर, चालवून बघायला समोर रस्ता आहे, आणि जी पॉझिटिव्ह येईल तिला त्याच टेबलावर १५०० ची चिठ्ठी. एका ब्रँचला जमलं तर बाकीच्या बायकाच तुमच्या मागं लागतील. नाही जमलं तर एका ब्रँचपुरतंच फसलं.

आमच्या गल्लीतल्या मंडळाचा हॉल रिकामा आहे, पंखे चालू आहेत, संडास दोन, त्यातल्या एकाची कडी बसवायची आहे ती या रविवारी बसवतो. माणूस पाठवून बघून घ्या. फक्त ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी सकाळी येऊ नका, कुणी बोलायच्या मूडमध्ये नसतं.

आपला,
पूर्व भागातला एक मेडिकलवाला